देश काय खातो आणि आपण काय पिकवतो

(जिल्हा बैठकीतील भाषण)



आज कापसाच्या भावावर बोलायचे ठरले आहे आणि ते दुपारी होणारच आहे. त्याआधी आम्ही एक साधा प्रश्न विचारतो. आज सकाळी घरून निघताना काय खाऊन निघालात? पोळी खाऊन आलेल्यांनी हात वर करा. ठीक. भात किंवा पोहे खाऊन आलेले? हेही पुष्कळ आहेत. आता भाकर खाऊन आलेले? बघा, एवढ्या मोठ्या मांडवात हात मोजता येतात. आणि शेवटचा प्रश्न. गेल्या वर्षात एक एकर का होईना, ज्वारी पेरली होती असे किती? तेवढेही नाहीत. जे आहेत त्यांतले निम्मे म्हणतील, कडब्यासाठी पेरली.

हा मांडव कोरडवाहू शेतकऱ्यांचा आहे. ज्यांच्या आजोबांच्या वाड्यात पेवात ज्वारी असायची आणि ज्यांच्या आजीची मजुरी पायलीने मोजली जायची, त्यांची नातवंडे रेशनच्या गव्हाची पोळी खाऊन ज्वारीबद्दलचे भाषण ऐकायला बसली आहेत. हा टोमणा नाही. आमच्याही घरी भाकरी आठवड्यातून तीन-चार दिवसच होते. प्रश्न असा की हे झाले कसे? लोकांची चव बदलली म्हणून झाले, की ताटात दुसऱ्या कोणाचा हात आला म्हणून?

शहरातली माणसे अलीकडे आम्हांला उलटा प्रश्न विचारतात. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्याचे वर्ष म्हणून साजरे केले. आपल्याच सरकारने तो प्रस्ताव मांडला होता. त्याआधी २०१८ मध्ये ज्वारी-बाजरीला 'पौष्टिक तृणधान्य' असे नाव मिळाले आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात 'श्रीअन्न' असे आणखी एक. नावे दोन मिळाली. त्या वर्षी एका शहरातल्या कार्यक्रमाला आम्हांला बोलावले होते. तिथे ज्वारीचा उपमा होता, ज्वारीची बिस्किटे होती, ज्वारीचा केक होता. एका शिकलेल्या बाईंनी कळवळून विचारले, "एवढे सकस धान्य तुमच्या लोकांनी सोडले कसे? त्यांना समजावून सांगायला नको का?" आम्ही त्या वेळी गप्प बसलो. आज इथे उत्तर देतो, कारण हे उत्तर आधी आपल्यालाच नीट माहीत असले पाहिजे.

देश काय खातो?

पहिली गोष्ट, 'भारतीय माणसाचा आहार' असे काही नाही. या देशातला प्रौढ माणूस काय खातो हे तो कुठे जन्मला, किती कमावतो, आणि तो पुरुष आहे की बाई, यावर ठरते. पूर्वेला आणि दक्षिणेला भात, उत्तरेला गहू, आणि मधल्या दख्खनच्या पठारावर ज्वारी, बाजरी, नाचणी. ही जुनी विभागणी माणसाने केलेली नाही, ती पावसाने आणि मातीने केली. जिथे पाणी साचते तिथे धान, जिथे थंडी राहते तिथे गहू, आणि जिथे पावसाचा भरवसा नाही तिथे ज्वारी. तेलाचेही तसेच. बंगालात मोहरी, केरळात खोबरे, आपल्याकडे करडई आणि शेंगदाणा. आणि कापूसवाल्यांनो, तुम्ही आपल्याला धाग्याचे शेतकरी समजता, पण गुजरातेत सरकीचे तेल मोठ्या प्रमाणात खाल्ले जाते. तिथल्या पुष्कळ फरसाणाची कढई तुमच्या पऱ्हाटीवर तापते.

मटण-मासळीचे बघा. २०१४ च्या नमुना नोंदणीच्या पाहणीत पंधरा वर्षांवरच्या माणसांना विचारले होते. राजस्थानात शंभरातले पंचाहत्तर शाकाहारी निघाले, हरियाणात एकोणसत्तर. तेलंगणात आणि पश्चिम बंगालात शंभरात दोनसुद्धा नाहीत. महाराष्ट्र मधोमध, चाळीस. आता यातून कोणी म्हणेल की देश शाकाहारी आहे, कोणी म्हणेल नाही. दोघेही आपापल्या गल्लीतून बोलतात. देशाचा हिशेब केला तर शंभरातले एकोणतीसच शाकाहारी होते.

सरासरीचा फास आपल्याइतका कोणाला कळणार? एका बांधावर ठिबकवरचा कापूस एकरी बारा क्विंटल येतो, दुसऱ्या बांधावर मुरमाड कोरडवाहूत तीन. सरासरी साडेसात. आता तुमच्यापैकी कोणाच्या घरात साडेसात क्विंटल आले? एकाच्याही नाही. पण विम्याचा, कर्जाचा आणि योजनेचा हिशेब त्या साडेसातवर होतो. खाण्याच्या आकड्यांचेही तेच आहे. ते पाहायचे, पण त्यांच्या पोटात कोण आहे ते विचारत पाहायचे.

ते आकडे आता ऐका. सरकारचे नमुना पाहणी खाते काही वर्षांनी घरोघर जाऊन विचारते की काय खाल्ले आणि त्यावर किती खर्च केला. १९९३-९४ साली खेड्यातला माणूस महिन्याला १३.४ किलो धान्य खात होता. २०११-१२ साली ११.२ किलो. २०२२-२३ साली ९.६ किलो. शहरातला माणूस त्याच काळात १०.६ वरून ९.३ वर आणि तिथून ८ किलोवर आला. म्हणजे तीस वर्षांत खेड्यातल्या माणसाच्या ताटातून महिन्याला जवळजवळ चार किलो धान्य गेले.

यावर विद्वानांचा बराच वाद झाला. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दारिद्र्य मोजले ते रोजच्या माणशी २,२५० उष्मांकांवर. पोटात किती पडते हेच त्या वेळी गरिबीचे माप होते. मग पुढे लोकांचे उत्पन्न वाढले म्हणता, तर उष्मांक कमी का झाले? अँगस डीटन आणि ज्याँ द्रेझ यांनी २००९ साली यावर लिहिले. अंगमेहनत कमी झाली हे त्याचे एक कारण असू शकते, असे त्यांनी सुचवले. आम्हांला त्यात तथ्य दिसते. मोटेवर आणि नांगरामागे दिवस काढणाऱ्या गड्याला चार भाकरी लागायच्या. मोटार चालू करून फवारणीला जाणाऱ्याला दोन पुरतात. पण म्हणून जे कमी झाले ते सगळे सुखानेच कमी झाले असे कोणी सांगितले, तर त्याला कापूस वेचणाऱ्या बाईच्या घरी एक दिवस पाठवा.

आता खरी मेख. धान्य कमी झाले, पण कुठले? ज्वारी. २०११-१२ साली खेड्यातल्या माणसाच्या महिन्याच्या अकरा किलोंत तांदूळ सहा किलो होता आणि गहू सव्वाचार. ज्वारी देशाच्या सरासरीत पाव किलोच्याही खाली. १९७० च्या सुमारास या देशात ज्वारीखाली पावणेदोन कोटी हेक्टर जमीन होती. आज ती चाळीस लाखांच्या आसपास आहे. एवढी मोठी जमीन एका पिकाखालून निघून गेली आणि तिच्यासाठी कुठे मोर्चा निघाला नाही. आपणही काढला नाही.

ज्वारी का गेली?

आम्ही शेतकीची पदवी घेतली. तिथे आम्हांला ज्वारी शिकवली ती क्विंटलमध्ये. पहिला संकरित वाण सीएसएच-१ हा १९६४ साली आला, आणि त्यापुढचे वाण कसे जास्त उतारा देतात याचे तक्ते आम्ही पाठ केले. परीक्षेत उत्तम गुण मिळाले. भाकर कशी होते हा प्रश्न त्या चार वर्षांत एकदाही आला नाही.

तो प्रश्न बायांनी विचारला. आपली जुनी गावरान ज्वारी उंच होती, उशिरा निसवायची. पाऊस सरल्यावर दाणा भरायचा, म्हणून तो मोत्यासारखा पांढरा राहायचा. संकरित ज्वारी बुटकी आणि हळवी. दाणा भरायच्या वेळीच परतीचा पाऊस गाठायचा. कणसावर बुरशी यायची, दाणा काळा पडायचा. उतारा दुप्पट, पण भाकर काळपट आणि बेचव, आणि कडबा असा की बैल तोंड लावीना. काळ्या ज्वारीला बाजारात भाव नाही. मग ती गेली कोंबड्यांच्या खाद्यात आणि दारूच्या भट्टीत. संशोधन झाले नाही असे नाही. पण ज्याला ती खायची त्याला विचारून झाले नाही, आणि यात आम्ही कृषी पदवीधरही आलो. सोलापूरकडची रब्बीची मालदांडी टिकली ती याच कारणाने. ती १९३० च्या दशकात मोहोळला निवडून काढलेली. उतारा बेताचा, पण भाकरही चांगली आणि कडबाही चांगला.

दुसरे कारण सरकारी. गव्हाला आणि तांदळाला १९६५ पासून अन्न महामंडळ मिळाले, खरेदी मिळाली, कालवे मिळाले, गोदामे मिळाली. ज्वारीला काय मिळाले? महाराष्ट्रात साठ-सत्तरच्या दशकांत ज्वारीवर लेव्ही होती. वडीलधाऱ्यांना आठवत असेल, सरकार ठरवील त्या दराने वाटा घालायचा आणि घरात उरेल ते खायचे. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा अमेरिकेची लाल मिलो आली. तीही ज्वारीच, पण ज्यांनी खाल्ली ते तिची आठवण आजही तोंड वाकडे करून सांगतात.

आणि आता रेशन. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी महिना पाच किलो धान्य ठरवले. तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये, भरड धान्य एक रुपया. २०२३ पासून ते फुकट झाले. कायद्याच्या कागदावर भरड धान्य आहे बरे का! कर्नाटकात नाचणी आणि ज्वारी रेशनवर देतातही. आपल्याकडे अधूनमधून काही ठिकाणी ज्वारी येते, एरवी गहू आणि तांदूळ. आता हिशेब करा. खेड्यातला माणूस महिन्याला साडेनऊ किलो धान्य खातो. त्यातले पाच किलो गहू-तांदळाच्या रूपाने फुकट घरात येते. म्हणजे निम्म्याहून जास्त ताट सरकारने आधीच भरले. उरलेल्या साडेचार किलोंत ज्वारीने जागा मागायची, आणि तीही पैसे मोजून! २०२५-२६ ला संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९ रुपये आहे, मालदांडीचा ३,७४९. मजुराच्या घरात एका हाताला फुकटचा तांदूळ आणि दुसऱ्या हाताला किलोला सदतीस रुपयांची ज्वारी असेल, तर त्याला सकस आहाराचे व्याख्यान देऊन काय उपयोग?

आम्ही रेशन बंद करा असे म्हणत नाही. आपल्यातले कितीतरी जण त्यावर महिना काढतात. आम्ही म्हणतो, ताटाच्या एका बाजूला सरकारने हात टेकवून ठेवला आहे, तो मान्य करा. लोकांनी ज्वारी नाकारली असे म्हणू नका.

तिसरे कारण तुमच्या-आमच्या घरातले आहे आणि ते पुरुषांना पटकन सुचत नाही. एका गावातल्या बैठकीत आम्ही ज्वारीचे गुणगान करीत होतो. मागून एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, भाकर तू थापतोस का?" सगळे हसले. पण ती थट्टा करीत नव्हती. ज्वारीचे पीठ ताजे लागते. जुने झाले की विरी जाते, भाकर थापता थापता चिरते. गव्हाचे पीठ महिन्याचे दळून ठेवता येते, पोळी एकदम दहा करून डब्यात घालता येतात, संध्याकाळपर्यंत मऊ राहतात. भाकर एकेक थापायची, आणि गार झाली की कडक. भात तर नुसता चढवायचा. दिवसभर वेचणी करून सात वाजता घरी आलेली बाई काय करील? भातच चढवील. कडब्याला बैल नाहीत, राखणीला माणूस नाही, शिवारात एकट्याचीच ज्वारी असली तर सगळी पाखरे त्याच वावरात आणि रात्री डुकरे. शेतातून ज्वारी गेली ती अशी आणि चुलीवरून गेली ती अशी. दोन्हीकडे मजुरीचाच प्रश्न आहे, फक्त चुलीपाशी ती मजुरी कोणी मोजत नाही.

एका घरातली दोन ताटे

बायांचा विषय निघालाच आहे तर पुढचे ऐका. हे नमुना पाहणीचे आकडे घराचे असतात. घरात धान्य किती आले ते त्यात कळते, घरात कोणी किती खाल्ले ते नाही. दुसरी एक पाहणी आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्याची. तिच्यात बाईला वेगळे आणि पुरुषाला वेगळे विचारतात. २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी शंभरात सत्तावन्न जणींच्या अंगात रक्त कमी निघाले. त्याच वयाच्या पुरुषांत पंचवीस जणांच्या. मटण, कोंबडी, मासळी कधीच खात नाही असे सांगणाऱ्या बाया शंभरात एकोणतीस, पुरुष सतराच. एकच राज्य, एकच जात, एकच चूल, आणि ताटे दोन.

रक्त कमी असण्याची कारणे नुसत्या खाण्यात नसतात. बाळंतपणे आहेत, पाळी आहे, जंत आहेत. डॉक्टर ते नीट सांगतील. पण आठवड्यातून एकदा कोंबडी शिजली तर तंगडी कोणाच्या ताटात जाते, वरणाचा घट्ट भाग कोणाला आणि वरचे पाणी कोणाला, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. इथे बसलेल्या मायबहिणींनी सांगावे, काल रात्री घरात शेवटी कोण जेवले? आणि तोवर भाजी उरली होती का? बघा, मांडवाच्या या बाजूला हसू आले आणि त्या बाजूला सगळे खाली बघायला लागले.

आपण सरकारला म्हणतो, आमच्या घामाचा दाम दे. त्याच तोंडाने घरातल्या घामाचा हिशेब टाळता येणार नाही. निंदणी, वेचणी, कापणी कोण करते? कोरडवाहू शेतीतले सगळ्यांत जास्त दिवस कोणाचे? मग घरातले सगळ्यांत हलके ताट तिचेच का?

ज्वारी म्हणजे औषध नव्हे

आता शहरातल्या त्या बाईंकडे परत येतो. शहरात ज्वारी चढते आहे हे खरे. ज्या घरांनी कधी भाकर खाल्ली नव्हती, ती साखरेच्या आजाराच्या भीतीने खाऊ लागली. गरिबाने सोडलेले धान्य श्रीमंताने उचलले. आपल्याला वाटते, बरे झाले, आता भाव येईल. आमच्यातलेही काही कार्यकर्ते 'ज्वारी खा, मधुमेह घालवा' अशा पाट्या रंगवायला निघाले होते. त्यांना आम्ही थांबवले. का, ते सांगतो.

आयसीएमआरने देशभर एक मोठी पाहणी केली. वीस वर्षांवरच्या १ लाख २१ हजार माणसांची. त्यांतल्या अठरा हजार जणांचा आहार बारकाईने लिहून घेतला. त्याचा निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाला. भारतीय माणसाच्या शंभर उष्मांकांतले बासष्ट धान्य, साखर, बटाटा अशा पिष्टमय पदार्थांतून येतात. प्रथिनांतून बाराच. भरड धान्य हे मुख्य अन्न म्हणून उरले आहे ते फक्त तीन राज्यांत. कर्नाटक, गुजरात आणि आपला महाराष्ट्र. आणि पुढे, जे ऐकायला आपल्याला आवडणार नाही ते. पांढऱ्या तांदळाच्या जागी तेवढेच गव्हाचे किंवा भरड धान्याचे पीठ खाल्ले, तर साखरेच्या आजाराचा धोका कमी झालेला दिसला नाही. कमी दिसला तो पिष्टमय पदार्थांतला थोडा भाग काढून त्या जागी डाळी-कडधान्याचे किंवा दुधाचे प्रथिन घातले तेव्हा.

म्हणजे ज्वारी वाईट का? मुळीच नाही. तिच्यात कोंडा आहे, खनिजे आहेत, ती पोटाला धरून राहते. पण ती औषध नव्हे. औषध म्हणून विकली तर चार वर्षांनी कोणी दुसरा डॉक्टर दुसरे धान्य सांगेल आणि आपला माल बाजारात पडून राहील. फॅशनवर पेरणी करणाऱ्याचे काय होते, ते आपण वनौषधींच्या आणि इमूच्या वेळी पाहिले आहे. खोटे बोलून मागितलेला भाव टिकत नाही.

आणि त्या पाहणीचे दुसरे वाक्य आपल्याच बाजूचे आहे. डाळ कोण पिकवतो? आपणच. आपल्या आजोबांच्या वावरात कापसाच्या आणि ज्वारीच्या ओळींत तुरीची ओळ होती, मूग होता, उडीद होता. जे वावरात तेच ताटात. भाकर, तुरीचे वरण, मुगाची भाजी, अंबाडी, जवसाची चटणी. ज्वारीच्या प्रथिनात जे कमी पडते ते तुरीत असते, हे आम्ही पुढे पुस्तकात वाचले. त्यांनी ते पुस्तकाविना पेरले होते.

पण डाळ महाग झाली की सरकार काय करते? मे २०२१ मध्ये तुरीची आयात खुली केली आणि मुदत संपली की वाढवत नेली. डिसेंबर २०२३ मध्ये पिवळा वाटाणा बिनशुल्क आत घेतला. एकीकडे म्हणायचे, लोकांनी प्रथिने खावीत. दुसरीकडे ती पिकवणाऱ्याचा भाव बंदरावर पाडायचा. मग तो पुढच्या वर्षी तूर का पेरील? आणि त्याने पेरली नाही तर त्याच्याच घरात वरण कुठून येईल? आयातीची तूर काही त्याच्या गावापर्यंत फुकट येत नाही.

ग्राहकाला झेपणार नाही, हे नेहमीचे उत्तर. झेपणे म्हणजे काय ते त्याच पाहणीत बघा. २०११-१२ साली खेड्यातला माणूस शंभर रुपये खर्च करी तेव्हा त्यातले पावणेअकरा रुपये धान्याला जात. २०२२-२३ साली पाच रुपयेही नाहीत, ४.९१. (फुकटच्या रेशनची किंमत त्यात धरलेली नाही, हे खरे.) आणि चहा, बिस्किटे, फरसाण, बाहेरचे जेवण, थंड बाटल्या यांना? ९.६२ रुपये, धान्याच्या जवळजवळ दुप्पट. शहरात यांना १०.६४ आणि धान्याला ३.६४. पुड्यातल्या शेवेचा भाव वाढला तर कोणी संसदेत विचारत नाही. धान्याच्या भावात रुपया वाढला की महागाईचा मथळा येतो. अगदी गरिबाच्या घरात हा हिशेब वेगळा पडतो, तिथे धान्याचा वाटा मोठाच आहे, आणि त्यासाठी रेशन आहे. पण त्या गरिबाचे नाव पुढे करून बाकी सगळ्यांना स्वस्तात खाऊ घालायचे काम आपल्या एकट्याच्या पाठीवर का?

इथे १४ जिल्ह्यांतले भाऊ बसले आहेत, म्हणून शेवटचे सांगतो. मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा इथल्या शेतकऱ्यांना, म्हणजे ज्या भागात सगळ्यांत जास्त शेतकऱ्यांनी गळफास घेतला तिथल्या केशरी कार्डवाल्यांना, २०१५ पासून स्वस्त गहू-तांदूळ मिळत होता. २०२३ मध्ये तो बंद करून माणशी महिना १५० रुपये देण्याचे ठरले. यावर आपल्या संघटनेत दोन मते आहेत. काही म्हणतात, पैसे हातात आले, हवे ते घ्या, ज्वारी घ्या. त्या वर्षीच्या ३,१८० च्या हमीभावाने १५० रुपयांत पावणेपाच किलोच्या आत ज्वारी येते, दुकानात त्याहून कमी. काही बाया म्हणतात, धान्य घरी आले की शिजते, पैसे आले की ते आधी दुसरीकडे जातात. आम्ही रोख रकमेच्या बाजूचे होतो. बायांचे ऐकल्यापासून आमचे मत डळमळले आहे, हे कबूल करतो. या प्रश्नाचा निकाल व्यासपीठावरून लागणार नाही.

म्हणून एक काम घेऊन जा. मागच्या टेबलावर छापील कागद ठेवले आहेत. गावात दहा घरे निवडायची. दोन बागायतदार, पाच कोरडवाहू, तीन भूमिहीन मजूर. प्रत्येक घरी पाच गोष्टी लिहायच्या. आठवड्यात भाकर किती दिवस, पोळी किती दिवस, भात किती दिवस. डाळ किती वेळा. ज्वारी घरची, विकतची की रेशनची. महिन्याला रेशनवर काय आले आणि किती. आणि पाचवी गोष्ट घरातल्या बाईला विचारायची, तिचा नवरा समोर नसताना, की शेवटी कोण जेवते आणि तोवर काय उरते. हे विचारायला बाईच गेली पाहिजे. पुरुष कार्यकर्त्याने हा रकाना भरलेला कागद आम्ही घेणार नाही.

कागद पुढच्या जिल्हा बैठकीला आणायचे. ज्वारी रेशनवर घ्यायची मागणी करायची तर ती इथल्याच खरेदी केंद्रावर हमीभावाने घेतलेली, चाळलेली, काळी न पडलेली असली पाहिजे. नाही तर मिलोची गोष्ट पुन्हा होईल. ती मागणी किती क्विंटलची, कोणत्या तालुक्यात, ते त्या कागदांवरून ठरवू. ज्यांच्याकडे गावरान ज्वारीचे बियाणे अजून उतरंडीत आहे त्यांनी येताना मूठभर आणावे, नावासकट. आता पाणी पिऊन घ्या, कापसाचे सत्र अर्ध्या तासात सुरू होईल.